पांघरूण

क्लाक्स्विकच्या मासळी कारखान्यात
पहाटपाळीला कॉड कापताना
रानवाच्या सुरीने हातमोजा ओलांडला.
अंगठ्याच्या बुडाशी एक फट.
रक्त यायच्या आधीचा पांढरा क्षण
तिने नीट पाहिला.
पट्टा चालूच होता.

फुटलेल्या पेशींतून बाहेर सांडलं
जे घरातच राहायला हवं होतं.
तेवढंच पुरतं.
मास्ट पेशींनी गाठोडी सोडली,
केशवाहिन्यांच्या भिंती सैलावल्या,
आणि एक न्यूट्रोफिल, धारेच्या कडेकडेने घरंगळत,
अंग चोरून फटीतून आत आला,
पोचला,
तिथेच फुटून मेला.
त्याच्या मरणाची हाक
पहिल्या हाकेहून मोठी.
मग शेकडो, मग मोजायचं कुणी!
शत्रू आहे की नाही, चौकशी नाही;
शेजारच्या धडधाकट पेशीही पायदळी.
आपण त्याला नुसतं ठणका म्हणतो.

पण मनगटावर,
जिथे रबराची कड अकरा वर्षं घासते आहे,
तिथेही सकाळपासून मरतंच असतं कुणीतरी,
एकेकटं,
आणि कानोकान खबर नसते.
तिथल्या मॅक्रोफेज जुन्या, जागा न सोडणाऱ्या.
मेलेलीकडे चहूबाजूंनी हात लांबवतात,
तिला वेढून घेतात,
हाक ओठांतच मिटवतात.
पांघरूण घालतात.
बोभाटा झाला नाही
म्हणून तर कातडी उरली.

एल्स्पा निळी पट्टी गुंडाळते
(निळी, कारण माशात पडली तर दिसावी)
आणि सहज विचारते,
"तुम्मास बरा आहे ना गं?"
"बरा आहे," रानवा म्हणते.

परवा बापाने धक्क्यावर होडीची दोरी सोडली
आणि स्वतः बसायचं विसरला.
रिकामी होडी खाडीत फिरत राहिली,
तो काठावरून तिला हात करत होता.
गाठ मीच कच्ची मारली,
असं रानवाने बंदरात सांगून टाकलं.
त्याआधी शेगडी. त्याआधी
मेलेल्या भावासाठी मांडलेलं ताट.
पाच हजारांचं गाव, कुणालाच पत्ता नाही.

एका पेशीपुरते पुरतात ते हात.
दहा-वीस एकदम गेल्या, की
किती लांबवणार?

ती दुसरा हातमोजा चढवते.
पट्टीखाली अंगठा ठणकतो आहे.
मनगट
गप्प.