पंधरा ग्रॅम

तस्नीमच्या माझगावच्या घरी, जेवणाच्या टेबलावर
नकाशा पसरलाय गेला महिनाभर.
घरातले ताटं मांडीवर घेऊन जेवतात
आणि आमच्याकडे बघत नाहीत.

मुक्कामाला मसूर, पेट्रोलला मूग,
घाटांना राजमा.
पंखा तीनवर गेला की ऑस्ट्रिया सरकतं.

हमरस्ते नकोत, हे पहिल्याच दिवशी ठरलं.
दोन गावांमधली जी रेघ केसासारखी, ती आपली.
नावं जिभेवर बसेनात, तेव्हा तस्नीमने बारसं केलं:
तळ्याकाठचं ते पवई,
जिथे खोली सर्वांत महाग, ते मलबार हिल,
आणि व्हर्शिचचा घाट, पन्नास वळणांचा,
त्याला नुसतं ‘ते’,
जुन्या बायका नवऱ्याला म्हणत तसं.

मी वैधमापन खात्यात एकतीस वर्षं काढली.
सोनारांचे काटे तपासले, भाजीवाल्यांची वजनं,
पंपावर पाच लिटरचं माप धरून उन्हात उभी राहिले.
तेव्हा सामान माझ्याकडे.
रेनकोट सहाशे ऐंशी. पंक्चरचा डबा चारशे दहा.
तस्नीमच्या गुडघ्याच्या गोळ्या, खोकी फेकून, नव्वद.
मेतकूट दोनशे. यावर वाद झाला, मेतकूट जिंकलं.
एका पेटीत नऊ किलो. वर सुईसुद्धा नाही.

तिथे उजवीकडून चालवायचं.
सराव कुठे करणार?
तस्नीम म्हणाली, मुंबईत करतातच की लोक,
समोरून अंगावर येतात आणि शिव्या आपल्यालाच.
शेवटी कांजूरला बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचं आवार मिळालं,
रविवारी सहा ते साडेसात.
जमिनीवर अजून सांडलेला निळा, वाळून खडक झालेला.
वळणावर डोकं म्हणे उजवी, हात म्हणे डावी,
मी दोनदा घाणेरीच्या झुडपात गेले, भावाच्या बुलेटसकट.

रखवालदार खरपडे खुर्चीतून बघायचे.
तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं,
“बाई, परीक्षा आहे का कसली?”
सांगितलं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया.
“त्याच्या बाजूला क्रोएशिया ना?”
फोनच्या कव्हरमागून घडीचा कागद निघाला.
डेल्नित्से. मुलाच्या अक्षरात, देवनागरीत.
लाकडाच्या वखारीत आहे, तीन वर्षं झाली.
फळकुटांचा कॅरम केलाय म्हणे त्याने,
सोंगट्या फांदी कापून, घासून.
संध्याकाळी नेपाळी पोरं येतात खेळायला.
स्ट्रायकर तेवढा जमत नाही.
लाकडाचा हलका पडतो, सोंगटीला लागून तिथेच बसतो.

“वाटेत असेल तर,” खरपडे म्हणाले.

वाटेत नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी रुमालातून दिला,
पिवळट, कडेला एक टवका उडालेला,
पोराचा जुनाच, जव्हारहून मागवलेला.
घरी काट्यावर ठेवला. पंधरा ग्रॅम, बरोब्बर.
शिक्का मारावा असा.
पेटीत त्याला कोण अडवतंय?
पण जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर,
बरेचसे हमरस्त्याने.
दिवस तर वाढत नाहीत, सुट्टी तस्नीमची मोजून बारा.
काहीतरी गाळायला हवं, आणि गाळण्यासारखं
त्या बाजूला एकच होतं.

मी हे सगळं तिला आकड्यांत सांगितलं.
ती काहीच बोलली नाही.
स्ट्रायकर घेतला, नकाशाच्या काठावर ठेवला,
एक डोळा मिटला,
आणि टिचकी मारली.

राजमा उडाला. मूग, मसूर, अर्धं ऑस्ट्रिया,
पवई, मलबार हिल, सगळं टेबलाखाली.

आतून तिची मुलगी धावत आली:
“संपलं? आता टेबलावर जेवायचं?”

“आधी मसूर गोळा कर,” तस्नीम म्हणाली,
“आणि पहिला दाणा डेल्नित्सेला ठेव.”