हवेची फट

पहिल्या दिवशी नाझिब्रोलानं काहीच शिकवलं नाही.
चहा ओतला, यंत्राकडे पाठ करून बसवलं:
"आधी ऐक. बघायला जन्म पडलाय."
म्हणून स्वानेतीचं ते पाणी मी आधी कानांनी ओळखलं,
डोंगरातून पाइपात, पाइपातून पात्यांवर
आपटणारं,
आणि मग एकदम पाणी नसलेलं,
नुसतं एक जाड, अखंड घूं.

एप्रिलमध्ये दुरुस्तीला यंत्र उघडलं.
आतलं फिरतं लोखंड, बाहेर बसलेली तांब्याची वेटोळी,
मध्ये करंगळीचं नख शिरेल एवढीच फट.
"शिवत नाहीत कधी?"
"शिवले की संपलं.
अख्खी नदी या फटीतून पलीकडे जाते, कोरडी."
नवरा तिचा पोतीच्या बंदरात, क्रेनवर, बावीस वर्षं.
वर्षातून दोनदा येतो.
"त्याची मोटर म्हणजे हेच यंत्र, नाव तेवढं वेगळं.
फिरवलं की वीज देतं, वीज दिली की फिरतं.
लोखंडाला काय ठाऊक आपण कोण."

शंभरातले ब्याण्णव तारेत जातात.
उरलेले आठ पुस्तकात 'तोटा' म्हणून लिहिलेत.
ती कणीक मळून, फडक्याखाली झाकून,
परात यंत्राच्या पाठीवर ठेवायची.
दुपारपर्यंत तोटा फुगून काठाबाहेर यायचा
आणि आम्ही तो चीज भरून खायचो.

जानेवारीत, रात्री, वर तोंडाशी बर्फाचा रवा अडकला.
पाण्याचा काटा शून्यावर.
यंत्र थांबायला हवं होतं. थांबलं नाही.
त्याच दिशेनं, त्याच वेगानं,
फक्त आवाज पातळ झाला
आणि विजेचा काटा शून्य ओलांडून डावीकडे झुकला.
आता तारच आम्हाला फिरवत होती.
आपोआप तोडणारी पेटी कधीचीच बिघडलेली;
नियम भिंतीवर रंगवलेला: ताबडतोब तोडा.
नाझिब्रोलाचा हात खटक्यावर होता.
"तिकडे कुणीतरी ओझं खाली सोडतंय,"
म्हणाली, माझ्याशी नाही.
हात तसाच राहिला.
पाती कोरडी फिरत राहिली.

मग खटका पडला,
आणि इतकं शांत झालं की किटली ऐकू आली.
कुऱ्हाड घेऊन मी बर्फ फोडायला वर निघालो.
वहीत तिनं वेळ लिहिली: दोन वाजून दहा.
भिंतीवर अकरा झाले होते.