उजवा मागचा

नोव्हेंबरात तुर्कूला दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते,
"मधला स्पीकर बदललाय. लेव्हल लावायच्यात. तू येशील तेव्हा."
म्हणजे ये.
याहून लांब निरोप त्यांनी कधी दिलेला नाही.

कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर मीटर बसवला,
सोफ्यातल्या माणसाचा कान जिथे येतो त्या उंचीला,
माइकचं नाक छताकडे.
बाबांना त्यांच्या जागेवरून उठवलं.
माणूस मध्ये असला की आवाज त्याच्या अंगात मुरतो,
मीटरला माणूस चालत नाही.
ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे,
गोदीत नवं जहाज पाण्यात सोडताना उभे राहायचे तसे.

मग एकेका स्पीकरमधून तो आवाज.
त्याला गुलाबी का म्हणतात कोण जाणे.
सौनातल्या तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतावं
आणि ती चरचर थांबूच नये, तसा.
पुढचा डावा: पंचाहत्तर. बरोबर.
मधला नवा, अजून बुजलेला: एकाहत्तर. चार वर.
मागचा डावा: चौऱ्याहत्तर.
एकोणीस-वीस चालतं लोकांना, मला नाही. एक वर.
पुढचा उजवा: एकोणऐंशी. हं.
मागचा उजवा:
चौऱ्याऐंशी.

मी मीटरला टिचकी मारली. सेल बदलले.
चौऱ्याऐंशी.
मेनू उघडला: उजवा मागचा, अधिक नऊ.
अधिक नऊ चुकून होत नाही.
अर्ध्या-अर्ध्या पायरीने
अठरा वेळा बटण दाबावं लागतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.
ते बाहेर बघत राहिले.
मी पुन्हा विचारलं नाही.
मी कुठे उभी आहे, ते आत्ता माझ्या लक्षात आलं.

जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची त्यांच्या उजवीकडे.
आईची डावीकडे.
आईशी ते बोलायचे.
(आई पुढे रौमाला गेली, एका दंतवैद्याकडे, कायमची.
तिची खुर्ची मी घेतली नाही. रागाने.)
बत्तीस वर्षं जहाजांच्या पोटात,
चारी बाजूंनी लोखंड आणि उजव्या खांद्याशी ग्राइंडर;
हे मला माहीत होतं,
जसं घराचा पिनकोड माहीत असतो.
सतराव्या वर्षी त्याच खुर्चीतून मी म्हणाले होते,
"गॉथेनबर्गला जाऊ का शिकायला?"
ते बटाटा सोलत राहिले.
मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला
आणि त्या अर्थात वीस वर्षं राहिले.

तरी हात मीटरचंच ऐकत होते.
उजवा मागचा, शून्य. पंचाहत्तर.
पाचही आता एका मापाचे.
बाबा येऊन बसले. आइस हॉकी लावली.
पक उजव्या कोपऱ्यात फळीवर आदळला
आणि बाबांनी डावीकडे पाहिलं.
"चांगलं झालंय," ते म्हणाले.

मी रिमोट घेतला. मेनू. उजवा मागचा.
एक. दोन. तीन.
खालच्या मजल्यावर लेहतोवारा बाईंचा कुत्रा
सातव्यालाच भुंकायला लागला.
अकरा. बारा.
चौदाव्याला बाबांची हनुवटी किंचित उचलली,
जत्थ्यात कुणी ओळखीचं दिसावं तशी.
अठरा.
मीटर तिकाटण्यावरून बघत होता. चौऱ्याऐंशी.
मी तो बंद केला.

"कान दाखवलात का कधी?" हे ओठांवर आलं होतं.
तेही मी उजवीकडूनच विचारणार होते.
उठले, सोफ्याला वळसा घातला,
डावीकडे जाऊन बसले.
तिथली गादी ताठ होती, कुणी न वापरलेली.
बराच वेळ आम्ही खेळ पाहिला.
मग म्हणाले, नेहमीच्या आवाजात,
"बटाटे आहेत का घरात?"

"आहेत," ते लगेच म्हणाले.
"खूप आहेत."