दुरुस्तीची चिठ्ठी

सिव्हिल लाइन्सच्या दगडी इमारतीत,
वकिलांच्या ग्रंथालयामागच्या खोलीत
दौलत नंदेश्वर खळ शिजवायचे.
चिंचोक्याची. मैद्याची कधीच नाही.
"मैद्याले कसर लवकर लागते, वकीलबाई,"
म्हणत चिमूटभर मोरचूद टाकायचे
आणि पातेल्यात असे बघत राहायचे
जसं कुणी बघावं
ताप उतरण्याची वाट पाहत लेकराकडे.

घटना बदलायची दिल्लीत.
इथे ती बदलायची नंदेश्वरांच्या कात्रीने.
सरकारी छापखान्यातून गठ्ठा यायचा:
या शब्दाऐवजी हा शब्द,
या खंडानंतर हा खंड.
सतरा प्रती, सतरा वेळा तेच वाक्य,
इंग्रजी वाचता येत नसताना
नुसते आकडे जुळवून.

मी आले ती एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात.
उसना काळा कोट, कूलरच्या वाळ्याचा वास,
सीनिअरने धाडलेली, जुनं एक कलम शोधायला.
नऊ नंबरची प्रत उघडली
आणि पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडलं नाही,
पानावरची चिठ्ठी फडफडली.

शहात्तरच्या सगळ्याच चिठ्ठ्या तशा.
फक्त डाव्या काठाला चिकटवलेल्या, करंगळीभर.
उचलली की खाली
जुना मजकूर, जसाच्या तसा.

"हे असं काहून?" मी विचारलं.
"रीत हाये. बाइंडरनं खालचं खराब करू नाही."
आणि दोरा ओवायला लागले.

रीत असती तर
पंचाहत्तरच्या आधीच्याही तशाच असत्या.
त्या नव्हत्या. मी सगळ्या पाहिल्या.

चार दिवसांनी, चहा बशीत ओतताना,
मी न विचारता बोलले.
मेव्हणा वामन, मिलमधला. मिसाखाली उचलला,
रात्रपाळीहून येताना, डबा हातात.
सखूबाईने अर्जावर अंगठा दिला.
वकिलाने शब्द सांगितला : बंदिप्रत्यक्षीकरण.
तिच्या जिभेवर तो बसेना.
ती म्हणायची, "माह्या 'बंदी परत करण'चं काय झालं?"
इतका अचूक अनुवाद
मी पुढे कुठल्या निकालपत्रात वाचला नाही.

इथल्या कोर्टाने म्हटलं, ऐकू.
तिने धुतलेला सदरा पिशवीत घालून ठेवला.
एप्रिलमध्ये दिल्लीहून आलं:
आणीबाणी आहे तोवर
असा अर्ज ऐकताच येत नाही.
सदरा पिशवीतच राहिला.
पुढच्या वर्षी वामन सुटला तेव्हा
त्यात दोन वामन मावले असते.

"मंग एकोणऐंशीत एक चिठ्ठी आली जी.
बोटभर. सगळ्यात लहान."
आणीबाणीतही कोर्टाचं दार बंद करता येणार नाही
अशी दोन कलमं : वीस आणि एकवीस.
एकवीस हा आकडा त्यांना पाठ होता,
सखूबाईच्या अर्जावर तोच होता.

त्या दिवशी त्यांनी नवी खळ शिजवली,
मोरचूद दुप्पट,
आणि ती चिठ्ठी समासात अख्खी चिकटवली,
चारही कोपरे अंगठ्याने दाबून,
सतरा प्रती. दुसरं काम केलं नाही.
ग्रंथपाल ओरडले. ऐकून घेतलं.

सगळे त्यांना "ए दौलत" म्हणायचे. मीसुद्धा.
त्या चहानंतर माझ्या तोंडून ते निघेना.

आता कायदा माझ्या मोबाइलवर असतो.
दुरुस्ती रात्रीतून होते,
सकाळी मजकूर असा गुळगुळीत
की जणू पहिल्यापासून असाच होता.
नखाने उचलावा असा काठच नाही.

रद्दीत निघालेली नऊ नंबरची प्रत
मी वजनावर विकत घेतली.
पुठ्ठा गेलाय. अनुक्रमणिकेची चाळण.
त्या पानापर्यंत कसर पोचलीय,
हिरवट डागाला वळसा घालून
पुढे गेलीय.

वळसा घालून, एवढंच म्हणते.
थांबलीय असं नाही.