कोण कोणास म्हणाले

कवलापूरच्या पुढं, तासगाव रस्त्याला
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर माझी रात्रपाळी.
दर तासाला आकडा बघायचा, वहीत लिहायचा:
चार अंश. चार अंश. चार पूर्णांक दोन.
आत खोक्याखोक्यांतून झोपलेला गोडवा,
बाहेर मी, इलाही मुजावर,
आणि मालकाच्या घरात नकोसा झालेला टीव्ही.

इलाही चॅनेल फिरवत होता. कुस्ती नव्हती कुठंच.
एका जागी बोट थांबलं:
झगे घातलेली माणसं, मेणबत्त्या,
आणि त्या विलायती नाटककाराचं नाव.
"राहू दे," मी म्हणालो.
ह्याच माणसानं मला अकरावीत बाकावर उभं केलं होतं.

धड्यावरच्या त्याच्या टकलाला
मी बॉलपेननं केस काढले होते, कानावर विडी.
नाटक मराठीत आणलेलं होतं, असं बिरनाळे सर सांगायचे.
कुठल्या मराठीत ते विचारायची सोय नव्हती.
'बंधो, तव आसन अद्यापि उष्ण असे'.
सर आधी ओळ वाचायचे, मग अर्थ, मग अर्थाचा अर्थ,
पंखा फिरत राहायचा
आणि वारा कुणालाच लागायचा नाही.

परीक्षेत एक प्रश्न ठरलेला:
कोण कोणास म्हणाले?
मी दरवेळी लिहायचो, सेवक राजास.
राजवाड्यात दुसरं कोण कुणाला काय म्हणणार?
एकदाच बरोबर आलं.
त्या दोन गुणांवर मी पास झालो.

इथं खाली हिंदीची पट्टी पळत होती,
मी मागं, धापा टाकत.
मग कधीतरी पट्टी बघायचीच विसरलो.
धाकटा दारात उभा. आत ये म्हणत नाही कुणी,
तोही येत नाही.
थोरला उठला, रिकाम्या खुर्चीवर तळवा टेकवला,
म्हैस आजारी असली की पाठीवर ठेवतात तसा,
आणि काहीतरी बोलला. हळू.
मी इलाहीचा हात धरला.
"अरे, हेच ते! तुझी जागा अजून गरम हाय रं,
असं म्हणतोय तो त्याला."
"कोण कुणाला?" इलाही म्हणाला.

माझ्या भावाचं नाव भूपाल. म्हणजे राजाच.
इचलकरंजीत मागावर असतो.
एका लुनावरून बोलणं तुटलं आमचं, अकरा वर्षं झाली.
लुना केव्हाच भंगारात गेली,
तिची चावी अजून माझ्याकडं, खिळ्याला.

आणि लाइट गेली.
मी जनरेटरकडं पळालो, डिझेल, हँडल, शिव्या,
कॉम्प्रेसर परत घुमायला लागला तेव्हा हाताला वास
आणि पडद्यावर केसांच्या तेलाची जाहिरात.
"संपलं वाटतं," इलाही म्हणाला.
"मग? बसला का तो खुर्चीवर?"

शेवट मला पाठ होता.
अखेरीस उभय बंधू मृत्युमुखी पडतात.
सारांश लिहा, पाच गुण.
पाचच गुणांसाठी मारले होते मी दोघं,
सुवाच्य अक्षरात, समास सोडून,
आणि लगेच पुढच्या प्रश्नाला लागलो होतो.

"बसला की," मी म्हणालो.
"बसला, आणि पाणी मागितलं त्यानं."
"मग झालं तर," म्हणत इलाहीनं चादर ओढली.

दोनचा आकडा राहून गेलेला.
वहीतली ती ओळ मी कोरीच ठेवली,
खोटं चार अंश लिहिलं नाही. सुपरवायझर विचारेल.
तीनच्या पुढं लिहिलं, पाच पूर्णांक एक.
थोडी ऊब शिरलीय आत. उतरेल सकाळपर्यंत.

इचलकरंजीत ह्या वेळी माग चालूच असतात.
एवढ्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही म्हणतात.