घसारा

कौलं गेली तीनशे बारा.
दोनदा मोजली. अठ्ठावीस वर्षं कंडक्टर होतो,
खानापूर–बेळगाव, खानापूर–हल्याळ.
हिशेब पहिल्याच फेरीत जुळला
की मला झोप येत नाही.

वारा मलप्रभेकडून आला, पावणेपाचला.
पाऊस म्हणाल तर चार थेंब.
"वारा म्हणू नकोस," गुरुसिद्धप्पा बोलला, "वादळ म्हण.
वारा पॉलिसीत बसत नाही."
म्हणून सांब्र्याहून हवामानाचा दाखला आणला.
त्यात लिहिलंय, त्या दिवशी वारा मंद होता.
सांब्रा इथून चाळीसेक किलोमीटर.

फॉर्म चार पानी, कन्नड नि इंग्रजी.
कन्नड मला बोलता येतं,
"मुंदे होगरी, पुढं सरका" एका श्वासात म्हणायचो.
कागदावर मात्र तीच अक्षरं
माझ्याकडं पाठ करून बसतात.
गुरुसिद्धप्पानं भरला. नावापाशी अडला:
पॉलिसीवर लुमाण्णा, आधारवर लुमन्ना,
घरपट्टीवर एल. पी. घाडी.
तिघंही एकाच ताडपत्रीखाली झोपतात, म्हटलं,
लिही कुणाचंही.

सोळाव्या दिवशी हुबळीहून सर्वेअर आला, हिरेमठ.
शिडी धरून उभा होतो, तो चढला नाही.
खालूनच मोबाईलनं आभाळाचे फोटो काढले,
आमच्या स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या.
"कौलांचं बिल?"
भट्टी बंद पडून वीस वर्षं झाली. मालकही गेला.
मी त्याच्या हातात एक अख्खं कौल दिलं,
पोटावर भट्टीचा शिक्का,
आणि शिक्क्यावरून ओल्या मातीत
चालत गेलेल्या कुत्र्याचा पंजा.
"हेच बिल समजा साहेब. खाली सहीपण आहे."
हसला. चांगला माणूस.
मग लिहिलं: वय तीस वर्षं, घसारा साठ टक्के.

"घसारा म्हंजे काय ओ?" द्रौपदीनं विचारलं,
हातात टोप, टोपात छपराचं पाणी.
म्हटलं, वस्तू रोज थोडी थोडी झिजते,
तेवढे पैसे कापतात.
"मग हप्ता का नाही झिजला रोज थोडा थोडा?"

हिरेमठनं पेनाला टोपण लावलं.
फॉर्मात त्याला जागा नव्हती.
मी वेगळ्या कागदावर मराठीत लिहून
बेळगावच्या ऑफिसात नेऊन दिलं.
क्लार्क मुलगी वाचून म्हणाली, "खरं हाय की मामा,"
आणि 'पोचले'चा शिक्का मारला.
त्यापुढं काही झालं नाही.

श्रावणात पैसे जमा झाले:
नऊ हजार सहाशे सात.
अर्ध्या घरावर निळे पत्रे घातले.
सर आली की त्या बाजूला
एकमेकांचं ऐकू येत नाही,
मग द्रौपदी उठून कौलांकडं येऊन बसते.
पंज्याचं कौल दारामागं ठेवलंय.

बाकीचा हिशेब लागला.
वरचे सात रुपये कशाचे,
ते अजून शोधालोय.
तिकडं कुणीतरी रात्री बसून
सात रुपयांपर्यंत मोजलं असणार.
मोजू दे. सुट्ट्यांची किंमत मला ठाऊक आहे.
सुट्टे नाहीत म्हणून
मी कधी कुणाला पावसात खाली उतरवलं नाही.