चुकीचा नंबर

सातपूरला, कंपन्यांच्या मागल्या गल्लीत
एका पत्र्याच्या शेडमध्ये मी अक्षरं तपासते.
चिवड्याची, लोणच्याची, तेलाच्या पिशव्यांची.
भिंगाखाली मुंगीएवढं मराठी,
त्याहून बारीक इंग्रजी
आणि कोपऱ्यात तो हिरवा ठिपका.
त्याचा हिरवा मी सोळा वर्षं जुळवत आलेय,
शाईचा डबा बदलला की पुन्हा नव्यानं.

मार्चमध्ये एक चूक झाली.
नमुन्यात जागा भरायला टाकलेला
आमच्या प्रेसचाच नंबर
तसाच छापून गेला
ग्राहक सेवा या शब्दांपुढे.
चाळीस हजार पिशव्या.

अकरा दिवस फोन वाजत होता.
पिंपळगावहून: पिशवी गळतेय.
जेल रोडवरून: चमचा फुकट होता ना, तो कुठाय?
एक पोरगं नुसतंच हसून ठेवून द्यायचं.
मालक म्हणाले, गोड बोल, वाद घालू नकोस.

नवव्या दिवशी देवळाली कॅम्पातून
वत्सला कापडणीस.
शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
बाटल्यांना चिठ्ठ्या डकवल्या म्हणाल्या.
"पिशवीवर सरकी लिहिलंय. कुठली सरकी?
ती बोंडअळीवाली? जनुक घातलेली?"
मी म्हटलं, "ताई, बहुतेक तीच असेल."
"बहुतेक कुठं लिहिलंय?"

मी भिंग लावलं.
थंड व कोरड्या जागी ठेवा, होतं.
पिशवी रिकामी झाल्यावर नष्ट करा, होतं.
शुद्ध तर दोनदा होतं.

"विष असतं का हो त्यात?"
हे मीच विचारलं, आवाज खाली आणून.
त्या हसल्या.
"मला काय ठाऊक?
भाचा कृषी विद्यापीठात आहे, तो म्हणतो,
तेल गाळलं की त्यातलं काही उरतच नाही.
जाऊबाई म्हणतात, जहर.
दोघं माझ्याच पंगतीला बसून भजी खातात.
मला भांडायचं नाहीये, बाई.
आमच्याकडे गंधकाम्लाच्या बाटलीला चिठ्ठी होती
आणि साध्या पाण्याच्या बाटलीलाही होती."

"मी फक्त छापते," मी म्हटलं.
"मग छापा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसरूळचा दूधवाला आला.
विचारलं, म्हशीला काय घालता?
"सरकीची पेंड. दुसरं काय? दूध दाट येतं."
त्याच्या कॅनवर लाल रंगात
फक्त लेकीचं नाव: कु. ईश्वरी.
मी चहा केला. प्याले.
रोजच्यासारखाच लागला
आणि तेवढ्यावरून काहीच कळेना.

नवी प्लेट आली, नंबर सुधारला.
आमचा फोन गप्प झाला.
एका दुपारी मीच लावला तो खरा नंबर.
पिशवी गळत असल्यास एक दाबा.
वितरक व्हायचं असल्यास दोन.
तीन दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.
वत्सलाबाईंचा प्रश्न कुठल्याच आकड्यावर नव्हता.
मी बासरी ऐकत बसले, डबा गार होईस्तोवर.

आता पुढच्या खेपेचं प्रूफ टेबलावर आहे.
सरकी तेल आणि निव्वळ वजन यांच्यामध्ये
नऊ मिलिमीटर कोरी जागा आहे.
पट्टी लावून मोजली.
शब्द मावतो. "होय" मावतो, "नाही" मावतो,
"आम्हांला माहीत नाही"सुद्धा
अक्षर जरा दाबलं तर मावतं.

मी तिथं पेन्सिलीनं एक काकपद मारलं,
कावळ्याचा पाय, काहीतरी राहिलंय याची खूण.
वर काही लिहिलं नाही.
प्रूफ तसंच कंपनीत पाठवलं.

काल त्यांचा माणूस फोनवर:
"मॅडम, इथं काय घालायचं होतं?"

मी म्हटलं, तेच विचारतेय.